यंत्राचा हात

यंत्राने माणसाची कामे करावीत, याचे नवल आता कोणास राहिलेले नाही. दळण, कांडण, पाणी उपसणे, कपडे धुणे ही सारी कष्टाची कामे यंत्राकडे गेली तेव्हा आपल्या घरांतून कोणी अश्रू ढाळले नाहीत; ढाळले असतील तर ते आनंदाचे, आणि तेही घरातील बायकांनी. परंतु यंत्राने माणसाचे खेळ खेळू लागावे, हे मात्र आपल्या मनास कोठेतरी खटकते. काम हे दुसऱ्यावर सोपविता येते, किंबहुना शहाणा मनुष्य ते सोपविण्याची संधीच पाहत असतो. खेळ कोणी दुसऱ्यावर सोपवीत नाही. आपल्यासाठी भाकरी कोणी भाजून दिली तर आपण ती मुकाट्याने खातो. आपल्यासाठी पत्ते कोणी खेळू लागला तर आपण त्याच्या हातातले पत्ते ओढून घेतो.

बुद्धिबळाच्या बाबतीत ही ठेच माणसास लागून चुकली आहे. १९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क येथे 'डीप ब्ल्यू' नामक संगणकाने त्या वेळचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याचा साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी पराभव केला. पुढे २०१६ साली सोल शहरी 'गो' या पौर्वात्य खेळात 'अल्फागो'ने ली सेडॉल या नामांकित खेळाडूस पाचांपैकी चार डावांत हरविले. तथापि या दोन्ही सामन्यांत एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. यंत्रास हात नव्हता. संगणकाने खेळी सांगावी, आणि त्याच्या बाजूने बसलेल्या एका गृहस्थाने ती पटावर मांडावी, असा प्रकार होता. मोहरे उचलून दुसऱ्या घरात ठेवणे हे काम लहान मूलही करील, म्हणून त्याकडे कोणी पाहिले नाही.

बिलियर्डच्या टेबलावर असे चालत नाही. तेथे चांगली खेळी सुचणे हे अर्धे काम; ती हाताने उतरविणे हे उरलेले अर्धे, आणि कोणाही खेळाडूस विचारावे, तो सांगेल की हे उरलेले अर्धेच मोठे आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात कॅनडातील किंग्स्टन येथील क्वीन्स विद्यापीठात मायकेल ग्रीनस्पॅन या प्राध्यापकांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी पूल खेळणारे एक यंत्र उभारले, आणि टेबलावरील हिरव्या बनातीस व त्या बुद्धिबळपटू संगणकास स्मरून त्याचे नाव 'डीप ग्रीन' असे ठेवले. आमच्या चिरंजीवांनी त्याची चित्रफीत आम्हांस दाखविली. 'यंत्रमानव' हा शब्द ऐकून ज्यांच्या डोळ्यांपुढे दोन पाय, चौकोनी डोके आणि लुकलुकणारे डोळे उभे राहतात, त्यांची निराशा व्हावी असेच ते दृश्य आहे. गोदीतल्या यारीसारखा एक लोखंडी सांगाडा टेबलावर उभा. त्यावरून आडवा-उभा सरकणारा एक हात. हाताच्या टोकाशी क्यू, म्हणजे खेळावयाची काठी. छताला टांगलेला एक कॅमेरा सारे टेबल न्याहाळतो, आणि दुसरा कॅमेरा क्यूच्या जवळ बसून नेम तपासतो. मूर्तीत सौंदर्य नाही. पण तो हात खाली येऊन पांढऱ्या चेंडूस टोला देतो आणि रंगीत चेंडू टेबलाच्या कोपऱ्यात नाहीसा होतो, तेव्हा पाहणाऱ्याच्या तोंडून नकळत 'वा!' निघते.

त्यापुढचे पाऊल २०१० साली कॅलिफोर्नियात पडले. 'विलो गॅरेज' नावाच्या, पुढे बंद झालेल्या एका कंपनीने 'पीआर-टू' हा दोन हातांचा, चाकांवर फिरणारा रोबो तयार केला होता. तो काही खेळासाठी बनविलेला नव्हता. घरातली व प्रयोगशाळेतली नाना कामे त्याच्याकडून करवून पाहावीत हा हेतू. तेथील काही तरुणांनी सुमारे आठवड्याभरात त्यास पूल शिकविला. हा रोबो टेबलाभोवती स्वतः फिरतो, जागा धरतो, एका हाताने क्यू धरतो आणि दुसऱ्या हाताने क्यूच्या पुढच्या टोकास आधार देतो. तो आधार म्हणजे बोटांची कमान नव्हे, मुद्दाम घडविलेला एक तुकडा. या तुकड्याची आठवण वाचकांनी ठेवावी. त्याचे आमच्या घराशी नाते आहे, ते पुढे येईल.

ज्यांनी पूल पाहिलेला नाही, त्यांस कॅरमवरून त्याची कल्पना येईल. कॅरमच्या पटाच्या जागी टेबल, भोकांच्या जागी सहा पॉकेटे, स्ट्रायकरच्या जागी पांढरा चेंडू, आणि सोंगट्यांच्या जागी पंधरा रंगीत चेंडू: सात भरीव रंगाचे, सात पट्ट्यांचे व आठ आकड्याचा एक काळा, जो सर्वांत शेवटी घालावयाचा. आपल्या घराघरांतून मे महिन्याच्या दुपारी कॅरम रंगतो, आणि त्यात आजीपासून नातवंडांपर्यंत सर्वांना आपापल्या बोटाचा अभिमान असतो. ज्याने कॅरमवर लांबचा कट मारण्याचा प्रयत्न केला आहे, त्यास पुढील हिशेब सांगावयास नको. पण ज्यांनी केला नसेल त्यांच्यासाठी तो देतो, कारण सगळी मौज त्यातच आहे.

पुलाच्या चेंडूचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे सुमारे ५७ मिलिमीटर. समजा, पांढरा चेंडू आणि आपणास घालावयाचा चेंडू यांत एक मीटर अंतर आहे, आणि टोला देताना आपला नेम केवळ एक अंशाने चुकला. एका मीटरावर ही चूक पावणेदोन सेंटिमीटर होते. पांढरा चेंडू दुसऱ्यावर मधोमध न बसता तितका बाजूला बसतो, आणि मग तो दुसरा चेंडू एका अंशाने नव्हे, जवळजवळ सतरा अंशांनी वाकडा जातो! चेंडू वाटोळे असल्यामुळे चुकीस असा गुणाकार लागतो. पॉकेटही एक मीटर दूर असेल, तर तेथे पोहोचेपर्यंत तो वीतभर अंतरावरून निघून जाईल. पॉकेटाचे तोंड साडेचार-पाच इंचांचे; त्यात तो सुखरूप पडावा अशी इच्छा असेल, तर आपल्या हाताची चूक अंशाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास राहिली पाहिजे. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सहा अंश फिरतो. म्हणजे तो एका सेकंदात जितका सरकतो, तितकीच ही सवलत.

एका टक्करीची ही कथा. टक्करीमागून टक्कर होत गेली की गुणाकारावर गुणाकार. मायकेल बेरी या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने १९७८ साली असे गणित मांडले की, नवव्या टक्करीचा अंदाज बांधावयाचा तर टेबलाशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचे गुरुत्वाकर्षणही हिशेबात धरावे लागेल. आमच्या काकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आम्ही नेहमी सांगत आलो, नेम धरताना समोर येऊन उभे राहू नका म्हणून. आता त्याला शास्त्राचाही आधार सापडला!"

हे काका या लेखाचे खरे नायक आहेत, पण त्यांच्याकडे वळण्यापूर्वी या खेळाच्या कुळाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. कारण आपल्या लोकांत बिलियर्ड म्हणजे साहेबांचे व्यसन अशीच समजूत होती, आणि अजूनही थोडीफार आहे. या खेळाने शास्त्रास बरेच दिले. गास्पार कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञाने १८३५ साली बिलियर्डच्या गणितावर एक सबंध ग्रंथ लिहिला. चेंडूच्या मध्यापासून त्रिज्येच्या दोन-पंचमांश वर टोला दिला की तो घसरत न जाता पहिल्या क्षणापासून गडगडत जातो, हे त्याच गणितातून निघते. हाच तो कोरिओलिस, ज्याच्या नावाच्या परिणामामुळे विषुववृत्त ओलांडून येणारे वारे उजवीकडे वळतात आणि आपल्या सह्याद्रीवर नैर्ऋत्येकडून पाऊस घेऊन येतात. चेंडू पूर्वी हस्तिदंताचे असत; त्यास पर्याय काढणाऱ्यास अमेरिकेतील एका बिलियर्ड कंपनीने १८६० नंतरच्या दशकात दहा हजार डॉलरांचे बक्षीस लावले, आणि त्या नादात जॉन वेस्ली हायट याच्या हातून सेल्युलॉइड सिद्ध झाले. आमच्या आजीची फणी सेल्युलॉइडची होती. ज्या घरात बिलियर्डचे नाव काढण्याची चोरी, त्याच घरात ती फणी देवघराशेजारच्या कोनाड्यात मानाने राहत असे.

स्नूकर तर आपल्याच देशात जन्मले. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, पावसाळ्यात वेळ जाईना म्हणून, नेव्हिल चेंबरलेन या तरुण अंमलदाराने जुन्या खेळात आणखी रंगीत चेंडू मिसळले. (हे चेंबरलेन निराळे; छत्रीवाले पंतप्रधान नव्हेत.) आणि पुण्यास जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्ता येथे जागतिक हौशी बिलियर्ड अजिंक्यपद मिळविले, तेव्हा कोणत्याही खेळात जगज्जेता झालेला तो पहिला भारतीय होता. क्रिकेटच्या गदारोळात हे नाव आपण फार लवकर विसरलो.

त्या वर्षी आमचे काका कॉलेजात होते. वर्तमानपत्रातली ती बातमी त्यांनी कापून वहीत ठेवली, आणि महिन्याभरात एका जिमखान्याच्या मागच्या दाराने बिलियर्डच्या खोलीत शिरले. आमचे आजोबा संस्कृतचे शिक्षक. मुलगा संध्याकाळी वाचनालयात जातो असा त्यांचा दृढ विश्वास. एके दिवशी काकांच्या सदऱ्याच्या बाहीवर निळा खडू दिसला. "तुमच्या वाचनालयात निळ्या खडूने लिहितात वाटते?" एवढेच आजोबा म्हणाले, आणि पुढे सहा महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. काकांनी खेळ सोडला नाही. परीक्षा पहिल्या वर्गात दिली, सरकारी नोकरी केली, चार भावंडांची शिक्षणे पार पाडली, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी टेबलावर काढल्या, पन्नासावर वर्षे. त्यांनी कधी पैज लावली नाही, स्पर्धा जिंकल्या त्याही स्थानिकच. पण त्यांचा हात पाहण्यासाठी लोक खेळ थांबवीत असत, हे आम्ही स्वतः पाहिलेले आहे.

तो हात पाच-सहा वर्षांपूर्वी कापू लागला. प्रथम उजवा, मग डावाही. डॉक्टरांनी तपासून सांगितले की जिवास धोका नाही, कंपवातही हा नव्हे. हात स्वस्थ असला तर ठीक, काही करावयास गेला की थरथरतो, आणि वय वाढेल तसा थोडा वाढेल. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हे समाधानकारक उत्तर असेल. घरात मात्र त्याचा अर्थ निराळा होता. काकू त्यांच्या कपात चहा अर्धाच ओतू लागल्या, आणि का, ते कोणी विचारले नाही. जेवताना मुले त्यांच्या पानाकडे न पाहण्याची काळजी घेऊ लागली. ही काळजीच त्यांना अधिक बोचत असावी. एका बँकेने त्यांचा धनादेश दोनदा परत केला, सही जुळत नाही म्हणून. ज्या माणसाने चाळीस वर्षे सरकारी कागदांवर सह्या केल्या, त्यास तिथल्या खिडकीशी उभे राहून एका पोरसवदा कारकुनापुढे तीनदा आपले नाव लिहून दाखवावे लागले. त्या दिवसापासून त्यांनी क्यू तिच्या पेटीत घातली आणि पेटी माळ्यावर ठेवविली. बिलियर्डचा शब्द घरातून निघून गेला.

अशा स्थितीत आमच्या चिरंजीवांनी त्यांच्यापुढे 'डीप ग्रीन'ची चित्रफीत धरावी, हे आम्हांस मुळीच रुचले नाही. चिरंजीव चिंचवडकडील एका कारखान्यात मोटारींना रंग देणाऱ्या यंत्र-हातांवर काम करतात. त्यांच्या दृष्टीने ही आजोबांच्या आवडीची वस्तू होती. आम्हांस वाटले, पंगू माणसास धावण्याची शर्यत दाखवावी तसे हे झाले. काका मात्र डोळ्यांजवळ फोन नेऊन शांतपणे पाहत राहिले. मग म्हणाले, "फार हळू आहे रे." पुन्हा पाहिले. "चेंडू गेला ते ठीक. पण पांढरा कोठे येऊन थांबला ते पाहिलेस का? पुढच्या चेंडूसाठी जागा करायला नको? चेंडू तर कोणीही घालील." आणि थोड्या वेळाने, अगदी सहज विचारल्यासारखे, "चुकते का कधी?"

"चुकते ना, आजोबा," चिरंजीव म्हणाले, "आणि गंमत अशी की, ते चुकणार हे धरूनच त्याला शिकवावे लागते."

मग त्यांनी जे सांगितले ते आम्हांसही नवीन होते. यंत्राच्या हातास खेळविण्यापूर्वी शास्त्रज्ञांनी त्याच्या बुद्धीची परीक्षा घ्यावी म्हणून संगणकांचेच आपसांत सामने लावले. टेबल, चेंडू, क्यू सर्व गणितातले. खरे काहीच नाही. २००५ साली तैपेई येथील संगणकांच्या ऑलिंपियाडमध्ये असा पहिला सामना झाला, आणि कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या 'पिकपॉकेट' नावाच्या प्रणालीने तो जिंकला; पुढल्या वर्षी तुरीन येथेही तीच जिंकली. २००८ साली बीजिंग येथे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'क्यूकार्ड'ने बाजी मारली. आता, गणितातल्या टेबलावर गणितातला टोला अचूकच बसणार. संगणकास पाच आकडे ठरवावयाचे असतात: टोल्याची दिशा, वेग, क्यू किती उचललेली, आणि पांढऱ्या चेंडूवर तिचे टोक डावी-उजवीकडे व वर-खाली कोठे टेकावे. हे आकडे जसेच्या तसे अमलात आले तर तो खेळ उरणारच नाही. म्हणून सामना भरविणाऱ्यांनी एक युक्ती केली. प्रत्येक टोल्याच्या वेळी त्या पाचही आकड्यांत थोडी थोडी चूक मुद्दाम मिसळली जाई; किती आणि कोणत्या बाजूस, हे संगणकास आधी कळत नसे. त्याचा अंदाजे आकार तेवढा त्यास ठाऊक.

"म्हणजे?" काकांनी विचारले.

"म्हणजे त्याचा हात थोडा हलता ठेवायचा."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर आपला उजवा हात पुढे करून त्याकडे पाहत म्हणाले, "म्हणजे त्यांनी त्याला माझा हात दिला की."

पुढचा प्रश्न त्यांनी फार बारकाईने विचारला. असा हात घेऊन ते यंत्र जिंकते कसे? चिरंजीवांनी सांगितले की, यंत्र प्रत्येक टोला प्रत्यक्ष मारण्यापूर्वी मनातल्या मनात अनेकदा मारून पाहते, दर वेळी निराळी थरथर धरून. आणि किती वेळा चेंडू गेला, पांढरा कोठे राहिला, ते मोजते. जो टोला अचूक हातासाठी सर्वांत सुंदर, तो ते पुष्कळदा सोडून देते. आपला हात हलला तरी ज्याचे फारसे बिघडत नाही, असा टोला शोधते. शेवटी जिंकतो तो, ज्यास आपल्या हाताची थरथर नेमकी किती, हे ठाऊक असून तिच्याभोवती डाव बांधता येतो. "हे आम्हांला कोणी पंचविशीत सांगितले असते!" काका म्हणाले. "आम्ही तर देखण्या टोल्यांच्या मागे लागून निम्मे डाव घालवले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरची पेटी खाली काढावयास सांगितली.

येथे घरात मतभेद झाले, आणि ते लपविण्याचे कारण नाही. काकूंचे म्हणणे असे की, चौऱ्याऐंशीव्या वर्षी अपरिचित ठिकाणी, कॉलेजच्या पोरांत जाऊन हसे करून घेण्यात काय अर्थ आहे? "तुमचा हात लोकांच्या डोळ्यांत आहे तो जुना राहू द्या," असे त्या म्हणाल्या. आणि त्यांच्या बोलण्यात जो जिव्हाळा होता, त्यापुढे उत्तर देणे कठीण होते. आमचेही मत त्यांच्याच बाजूस झुकले. मोठ्या गवयाने आवाज गेल्यावर मैफल करू नये, असे आपण म्हणतो. काकांनी एवढेच विचारले, "मैफल करू नये, कबूल. पण त्याने घरात गुणगुणूही नये का?" ज्याने धाकट्या भावंडांपायी स्वतःच्या पुष्कळशा हौशी बाजूला ठेवल्या, त्यास ही एक हौस नाकारण्याचा अधिकार आपणास कोठून आला, हा विचार त्या रात्री आमच्या मनात आला. त्याचा निकाल मात्र आम्ही लावू शकलो नाही. निकाल चिरंजीवांनी लावला. त्यांनी रिक्षा आणली.

जुन्या जिमखान्यात जाण्यास काकांनी साफ नकार दिला. एका गल्लीत पहिल्या मजल्यावर पूलची खोली आहे, तेथे गेलो. पंख्यांचा आवाज, भिंतीवर भडक चित्रे, आणि कोठल्याशा गाण्याचा धडधडाट; काका दारातच थबकले. टेबलाजवळ गेल्यावर मात्र त्यांनी बनातीवरून तळवा फिरविला आणि कोणत्या बाजूस उतार आहे ते सांगितले. पहिला डाव दोघांनी मिळून खेळावा असे ठरले: काकांनी सांगावे आणि चिरंजीवांनी टोला मारावा. शेजारच्या टेबलावरची दोन मुले प्रतिपक्षास उभी राहिली.

आम्ही बाकावर बसून पाहत होतो, आणि आम्हांस त्या प्रसिद्ध 'तुर्का'ची आठवण झाली. अठराव्या शतकात केम्पेलेन नावाच्या गृहस्थाने व्हिएन्नाच्या दरबारात बुद्धिबळ खेळणारे एक यंत्र आणले होते. फेटा बांधलेला लाकडी तुर्क हाताने मोहरी हलवी आणि भल्याभल्यांना हरवी. पुढे कळले की पेटीत माणूस दडलेला असे. तेथे हात यंत्राचा आणि डोके माणसाचे. येथेही आमच्या डोळ्यांपुढे एकाचे डोके आणि दुसऱ्याचा हात अशी विभागणी झालेली होती, आणि तिचा परिणाम पाहण्यासारखा होता. काका सांगत, "लाल पट्टेवाला, अर्ध्याहून पातळ, वेग कमी, पांढऱ्याला किंचित खालून." चिरंजीव मान डोलावीत, आणि पांढरा चेंडू भलत्याच वाटेने निघून जाई. सांगणे आणि ऐकणे यांत कोणाचाच दोष नव्हता. काकांच्या बोटांत जे साठलेले होते ते शब्दांत मावतच नव्हते. हान्स मोरावेक या शास्त्रज्ञाने १९८८ साली लिहून ठेवले आहे की, संगणकास प्रौढ माणसाप्रमाणे चेकर्स खेळावयास शिकविणे सोपे, पण वर्षाच्या मुलाप्रमाणे पाहावयास व हातपाय हलवावयास शिकविणे महाकठीण. कारखान्यातले यंत्र-हात रोज हाताळणाऱ्या आमच्या चिरंजीवांना हे नवीन नव्हते. परंतु त्या संध्याकाळी यंत्राच्या जागी ते स्वतः उभे होते. डाव गेला.

"आण इकडे," काका म्हणाले.

त्यांनी क्यू घेतली, खडू लावला, आणि डाव्या हाताची कमान बनातीवर टेकविली. कमान थरथरत होती. क्यूचे टोक पांढऱ्या चेंडूपुढे माशीसारखे नाचत होते. शेजारची मुले हसली नाहीत, हे आम्ही त्यांच्या श्रेयास लिहून ठेवतो. काका सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "रेस्ट दे." रेस्ट म्हणजे टोकाला पितळी फुली बसविलेली काठी, हात पोहोचत नसेल तेथे क्यूला टेकू द्यावयाची. काकांच्या काळी पट्टीच्या खेळाडूस ती वापरणे कमीपणाचे वाटे. ते स्वतः तिला 'म्हातारीची काठी' म्हणत. 'पीआर-टू' या रोबोस बोटांची कमान जमेना म्हणून जो तुकडा घडविला होता, तो या रेस्टचाच भाऊबंद. काकांनी ती आडवी टेकवून चिरंजीवांस धरावयास सांगितली, आणि एका हाताची थरथर हिशेबातून अशी वजा झाली.

उरलेल्या हाताचा हिशेब त्यांनी डावाच्या निवडीतून केला. कोपऱ्यावर लोंबत असलेला एक चेंडू सोडून ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूस गेले. तो चेंडू केव्हाही पडेल, म्हणाले, त्याला राहू द्या, तो आपला ठेवा आहे. वीतभर अंतरावरचा एक चेंडू अगदी हळू घातला. दुसरा घातला. तिसऱ्याच्या वेळी लांबचा, देखणा कट समोर होता. एकेकाळी त्यांनी तो डोळे मिटून मारला असता. त्याकडे त्यांनी क्षणभर पाहिले, आणि तो न मारता पांढरा चेंडू प्रतिपक्षाच्या मार्गात नेऊन ठेवला. ती मुले चांगली दहा मिनिटे त्या पेचात अडकली. त्यांतल्या एकाने येऊन विचारले, "आजोबा, हे कसे केलेत?" आणि मग काकांनी त्यास ते करून दाखविले, म्हणजे चार वेळा दाखविले, त्यांतले एकदाच साधले. तो डावही शेवटी मुलांनीच जिंकला. काळा चेंडू काकांकडून पॉकेटाच्या ओठावर अडून राहिला.

आता दर मंगळवारी ते जातात. काकू बरोबर जात नाहीत, पण मंगळवारी स्वयंपाक लवकर आटपतात. बँकेतील सहीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तेथे थरथरीसाठी सवलत देण्याचा नियम नाही, आणि अंगठा उठविण्यास काका तयार नाहीत.

मध्यंतरी त्यांच्या डोक्यात आले की, यंत्रास जर आपली थरथर किती हे ठाऊक असते, तर आपल्यालाही ठाऊक असले पाहिजे. नवशिक्यास क्लबात एक अभ्यास देत असत: पांढरा चेंडू टेबलाच्या मधोमध ठेवून सरळ समोरच्या कडेवर मारावयाचा, टोला निर्दोष असेल तर तो परत येऊन क्यूच्या टोकाशीच टेकतो. काकांनी हा टोला वीस वेळा मारला, आणि चिरंजीवांनी प्रत्येक खेपेस चेंडू किती बाजूस आला ते फूटपट्टीने मोजून कागदावर मांडले. डावीकडे कमी, उजवीकडे अधिक, असे दिसून आले. काकांनी तो कागद चष्मा लावून एखाद्या दस्तऐवजासारखा वाचला. मग म्हणाले, "आता तू मार." चिरंजीवांचे वीस टोलेही मोजले गेले, आणि कारखान्यातल्या त्या तज्ज्ञ हाताचा कागद आजोबांच्या कागदाहून फार निराळा निघाला नाही, याचे सर्वांस आश्चर्य वाटले, काकांस वाटले नाही. दोन्ही कागद त्यांनी आपल्या वहीत, विल्सन जोन्स यांच्या त्या पिवळ्या पडलेल्या कात्रणाशेजारी ठेवले आहेत. येत्या मंगळवारी आमचेही माप घ्यावयाचे, असा त्यांचा हट्ट आहे. आम्ही अद्याप होकार दिलेला नाही.